आयती वाट

१

हिंटरगास या डोंगरातल्या गावात रात्रभर बर्फ पडला की सकाळी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आज वाट कोण पाडणार? डोंगरावर न्यायला इथे तारेवरचे पाळणे नाहीत. स्कीच्या तळाला कातड्याच्या पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही, आणि एकेक पाऊल रेटत वर चढायचं. पहिला जो असतो त्याचा घाम निघतो. मागचे त्याच्या चाकोरीतून गप्पा मारत येतात, माथ्यावर त्याच्याशी हात मिळवतात, पट्ट्या काढतात आणि सुसाट खाली येतात. म्हणून वाट पाडणाऱ्याचा मान मोठा. टिलीच्या खानावळीत सूपचा पहिला वाडगा त्याच्यापुढे येतो, आणि त्याने चमचा बुडवल्याशिवाय दुसरं कोणी बुडवत नाही.

हा मान वर्षानुवर्षं रोमेड सुताराचा होता. रोमेडची वाट म्हणजे डोळे मिटून जावं अशी. कुठे चढ जास्त नाही, कुठे वळण अवघड नाही, आणि जिथून बर्फाची दरड सुटेल अशा उताराच्या जवळपासही नाही. पण मागच्या हिवाळ्यात त्याच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला. तो मागे पडू लागला. पहिला वाडगा कधी याच्यापुढे, कधी त्याच्यापुढे जाऊ लागला, आणि रोमेड आपल्या वाडग्याकडे बघत बसायला शिकला. कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

यंदा डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा तो सगळ्यांच्या आधी उठला. गुडघ्याला पट्टा आवळला, कॉफी उभ्याउभ्याच प्यायला, आणि बंद पडलेल्या लाकूड चिरायच्या गिरणीमागच्या कुरणात आला. उजाडायला लागलं होतं. बर्फ मांडीइतका होता. एवढ्या बर्फात वाट पाडणं आपल्याला झेपणार नाही हे त्याला पट्टा आवळतानाच माहीत होतं, पण ते त्याने मनाशी कबूल केलं नव्हतं.

कुरणात वाट पाडलेली होती.

२

दोन सरळ चाकोऱ्या लार्चच्या झाडांकडे चढत गेल्या होत्या. रोमेडला आधी राग आला. मग तो त्या चाकोरीत उभा राहिला आणि चालू लागला, आणि राग कुठल्या कुठे गेला. अशी वाट त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. वळणं तर अशी की स्की आपोआप फिरावी. गुडघा एकदाही कुरकुरला नाही. माथ्यावरच्या लाकडी क्रूसापाशी तो पोचला तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. जो कोण होता तो पलीकडच्या दरीत उतरला असणार.

तो पट्ट्या काढत होता तेवढ्यात गेबहार्ड आला, आणि त्याच्यामागे दूधसंघातले दोघं. गेबहार्ड हा टिलीचा नवरा. जन्मभर चीज करून आता निवृत्त झालेला, बायकोच्या खानावळीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करणारा, आणि रोमेडचा शाळेपासूनचा मित्र.

"अरे लबाडा!" तो लांबूनच ओरडला. "गुडघा गेला, गुडघा गेला म्हणून गावभर रडत होतास, आणि ही वाट? मांडीभर बर्फात? मेल्या, आम्हाला म्हातारं करून स्वतः जवान होतोयस होय?"

रोमेडने तोंड उघडलं. "मी नाही" हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते. पण गेबहार्डने तोवर त्याचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. दूधसंघातल्या थोरल्याने टोपी काढली. टोपी काढली, आता काय सांगायचं!

"जमली बरी," रोमेड म्हणाला.

खाली टिलीने पहिला वाडगा त्याच्यापुढे ठेवला. सगळे त्याच्या चमच्याकडे बघत थांबले. सूप फार छान झालं होतं. त्याने सगळं संपवलं.

३

त्यानंतर प्रत्येक बर्फानंतर वाट तयार असे. रोमेड सगळ्यांच्या आधी उठे, त्या वाटेने चढे आणि माथ्यावर जाऊन इतरांची वाट बघत बसे. कोणी विचारलं नाही, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. पाडणारा एखादा लाजाळू माणूस असेल. पलीकडच्या दरीतला. त्याला नाव नको असेल. मला मिळालं तर त्याचं काय जातं?

पण सुताराची नजर वाईट. दाराची चौकट केसभर तिरकी असली तरी ती सुताराला जेवू देत नाही. वाटेत काहीतरी चुकतंय हे त्याला तिसऱ्याचौथ्या खेपेलाच जाणवलं, आणि काय चुकतंय हे कळायला आणखी एक बर्फ जावा लागला.

वाट कुरणाच्या मधोमध सुरू होत होती. रस्त्यापासून नाही, गिरणीपासून नाही. कुरणाच्या मध्यापर्यंत कोरा बर्फ आणि तिथून एकदम चाकोरी. वाऱ्याने आधीचा भाग बुजवला असेल, रोमेडने ठरवलं. वारा नव्हता, पण पहाटे असेल.

दुसरं असं, की कोणी कधी खाली आलेलं नव्हतं. पलीकडच्या दरीत उतरावं तर माथ्याच्या पलीकडेही बर्फ कोरा. त्याने एकदा क्रूसाला धरून, वाकून नीट पाहिलं. वाट क्रूसापाशी येऊन थांबली होती. असंही होऊ शकतं, त्याने स्वतःला सांगितलं, की तो आलेल्या चाकोरीतूनच परत उतरत असेल. असं कोणी करत नाही. पण लोक काय वाटेल ते करतात.

आणि एकदा, झाडीतून चढताना, पुढे स्कीचा आवाज आला. सर्र... सर्र... रोमेड थांबला. आवाज थोडा वेळ चालू राहिला आणि मग थांबला. पुढे जाऊन त्या माणसाला गाठायला त्याला जमलं असतं. तो तिथेच पट्टा सैल करण्याचं निमित्त काढून उभा राहिला. मागून गेबहार्डच्या गप्पा ऐकू यायला लागल्या तेव्हाच तो पुढे निघाला.

४

रोमेडची मुलगी बुर्गल शाळेची बस चालवायची आणि ओढ्यापलीकडे, बसच्या शेडवरच्या खोल्यांत राहायची. सुट्टीच्या दिवशी तीच चारचौघांना घेऊन डोंगरावर जायची. आई गेल्यापासून रविवारचं जेवण ती बापाकडे करत असे. जानेवारीतल्या एका रविवारी तिने बटाटे सोलता सोलता सहज म्हटलं,

"बाबा, निदान टोपी तरी घालत जा. काल इतकी थंडी होती."

"घालतो की."

"कुठे घालतोस? सकाळी बसचं इंजिन तापवायला खाली आले तर तुझा दिवा कुरणात दिसला. मी बसच्या खिडकीतून हातही केला. माझ्या बापाने बघितलंसुद्धा नाही! उघड्या डोक्याने चालला होता आपला तरातरा."

रोमेडने कॉफीतला चमचा खाली ठेवला. तो काल त्या वेळी अंथरुणात होता. गुडघा सुजला होता म्हणून उशिरा उठला होता.

"मीच होतो कशावरून?"

"म्हणजे?" बुर्गल हसली. "तुझं लाल जॅकेट मला ओळखता येत नाही? पाठ ओळखता येत नाही? आणि आणखी कोण आहे या गावात असं चालणारं? खरं सांगू, मला फार बरं वाटलं. मागच्या वर्षी तू असा बसून असायचास ना, माझ्या पोटात तुटायचं."

तिचे डोळे भरून आले होते. रोमेडला आता बोलायलाच हवं होतं. ते लाल जॅकेट आतल्या खोलीत खुंटीवर होतं, त्याला बसल्या जागेवरून त्याची बाही दिसत होती.

"दिसलं नाही गं मला," तो म्हणाला. "लक्ष नव्हतं."

हे मात्र सरळसरळ खोटं होतं, आणि ते पोटच्या पोरीशी. त्या दुपारी ती गेल्यावर त्याने जॅकेट खुंटीवरून काढून पाहिलं. ते कोरडं होतं, गार होतं, आणि त्यात काही वावगं नव्हतं. त्याने ते पुन्हा खुंटीला न लावता पेटीत ठेवलं.

५

फेब्रुवारीत त्याने एकदा छडा लावायचं ठरवलं. पहाटे, बर्फ पडत असतानाच, तो गिरणीत जाऊन बसला. आत जुन्या भुशाचा वास होता. करवतीच्या पात्यावर कोणीतरी गोणपाट टाकून ठेवलं होतं. दाराला फट होती, पण त्याने बसायला जागा निवडली ती फटीतून काही दिसणार नाही अशी. हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

बराच वेळ काही नाही. छतावरून बर्फ घसरून पडे तेवढाच आवाज. आणि मग ते आलं.

सर्र... सर्र... घाई नाही, दम लागलेला नाही. दोन्ही पायांचं अंतर सारखं. गुडघा जाण्यापूर्वी आपली चाल अशी होती, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ते लगेच झटकलं. स्वतःच्या चालीचा आवाज माणसाला बाहेरून कधी ऐकू आलाय?

आवाज भिंतीच्या कडेने आला आणि दारापाशी थांबला.

रोमेडने श्वास रोखला. दार आतून लावलेलं नव्हतं. हात लांब करून ढकललं की झालं. भीती वाटत होती हे खरं, पण भीतीने तो अडला नाही. भीती त्याने आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. तो अडला तो दुसऱ्याच गोष्टीने. बाहेर माणूस असेल, तर त्याच्याकडे कोणत्या तोंडाने बघायचं? तुझा घाम, आणि वाडगा मी ओरपला, अख्खा हिवाळाभर. काय म्हणायचं त्याला? आणि माणूस नसेल तर गावाला सांगावं लागेल, आणि गावाला सांगायचं म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळं सांगावं लागेल. त्यापेक्षा न बघितलेलं बरं.

बाहेरचं जे काही होतं, ते थांबून राहिलं. ते वाट बघत होतं असं रोमेडला वाटलं. त्याला दार उघडायची पुरेपूर संधी देत होतं. मग पुन्हा सर्र... सर्र... आणि ते चढाला लागलं.

तो उजाडल्यावर बाहेर आला. दारासमोर बर्फ कोरा होता. वाट नेहमीसारखी कुरणाच्या मधोमध सुरू झाली होती.

६

मग त्याने स्वतःच वाट पाडून पाहिली. ही एकच गोष्ट त्याने त्या हिवाळ्यात इमानाने केली, म्हणून सांगायला हवी. त्या आयत्या वाटेपासून दूर, ओढ्याच्या बाजूने, एकेक पाऊल रेटत तो चढला. गुडघ्यातून कळा येत होत्या. दोनदा पडला. वाट अशी वेडीवाकडी झाली की त्याचं त्यालाच बघवेना. पण ती त्याची होती. लार्चच्या झाडांपाशी दोन्ही वाटा एकत्र येत होत्या, तिथे तो धापा टाकत बसला असताना त्या सुंदर वाटेने गेबहार्ड वर आला.

"आज इथे बसलायस? आणि ती बघ रे, ती तिकडची चाकोरी!" गेबहार्डने काठीने ओढ्याकडे दाखवलं आणि हसता हसता त्याला खोकला लागला. "काय रे ती! गाय प्यालेली असली तरी बरी चालेल. कोणी पाडली?"

रोमेडच्या पाठीवरचा घाम अजून वाळला नव्हता. सांगायला यापेक्षा चांगली वेळ कधी येणार नव्हती. मित्र समोर होता, दुसरं कोणी नव्हतं, आणि पुरावा तिथे डोंगरावर सगळ्यांना दिसेल असा पडला होता.

"पाहुणा असेल कोणी," तो म्हणाला.

"सीमेपलीकडचा जर्मन असणार!"

"हो. जर्मनच असेल."

दोघंही हसले. रोमेड जास्त वेळ हसला. दुसऱ्याची वाट त्याने आपली म्हटली होती, आणि आता आपली वाट दुसऱ्याची म्हणून टाकली. घरी येऊन त्याने रंधा हातात घेतला आणि एक चांगली फळी छिलून छिलून वाया घालवली.

७

मार्च लागला तशी वाट सरकू लागली. आधी थोडीशी. झाडीतून बाहेर पडल्यावर ती धारेच्या जरा उजवीकडे गेली. पुढच्या बर्फानंतर आणखी उजवीकडे. धारेच्या उजवीकडे रोटकार आहे. कढईच्या आतल्या बाजूसारखा तो उतार, वर ओळंबलेला बर्फ, खाली खडक. हिंटरगासचा माणूस हिवाळ्यात रोटकारकडे बोटही दाखवत नाही.

दूधसंघातला थोरला एकदा म्हणाला, "रोमेड, जरा जास्तच आत नेतोस हल्ली." त्यावर टिलीनेच त्याला झापलं. "तू शेंबडा होतास तेव्हापासून वाट पाडतोय तो. त्याला कळत नाही नि तुला कळतं?"

रोमेडने सूपमध्ये बघून मान डोलावली.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि सकाळी त्याने गेबहार्डला रस्त्यात गाठलं. सेंट जोसेफचा सण दोन दिवसांवर आला होता. शाळा बंद, सगळ्यांना सुट्टी. बुर्गल आणि गेबहार्ड वर जाणार हे ठरलेलं होतं.

"परवा जाऊ नका," रोमेड म्हणाला. "बर्फ पडेल असं म्हणतायत."

"मग तर मजाच. तू वाट पाडशील, आम्ही येऊ."

"रोटकारच्या बाजूला बर्फ बरोबर नाही."

"मग नेऊ नकोस रोटकारला! मालक, वाट तुझ्या हातात आहे की नाही?" गेबहार्डने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याचा नेहमीचा चेष्टेचा सूर एकाएकी गेला. "रोमेड, कधी बोललो नाही, पण मागच्या वर्षी तुला बघून मला माझीच भीती वाटली होती. म्हटलं, हा बसला, आता आपणही बसणार. यंदा तुझ्या मागनं चढतो तेव्हा बरं वाटतं. तू जिथून जाशील तिथून मी येईन. बास."

एवढं ऐकल्यावर कुठला माणूस खरं सांगेल? खरं तर कुठलाही सांगेल. रोमेडने सांगितलं नाही.

८

सणाच्या आदल्या संध्याकाळपासून बर्फ पडला. सकाळी रोमेड मुद्दामच उठला नाही. आज आपण गेलो नाही तर वाटही नसेल, अशी काहीतरी खुळी आशा त्याला होती. उठून अंगणात आला तेव्हा ढग थोडे वर उचलले गेले होते, आणि डोंगरावर ती रेघ स्पष्ट दिसत होती. झाडीतून बाहेर पडून ती सरळ रोटकारमध्ये शिरली होती. तिच्यावर खालून चार ठिपके चढत होते.

तो कसा चढला हे त्याला नंतर आठवलं नाही. गुडघा त्याला कुठेच आडवा आला नाही, कारण चाकोरी तीच होती, गुळगुळीत, सोपी. तीच वाट त्याला झपाझप वर नेत होती.

रोटकारच्या काठावर एक मोठा खडक आहे. खडकाशी तो पोचला तेव्हा धुकं उतरलं होतं. चौघं त्याच्याकडे पाठ करून उभे होते: पुढे गेबहार्ड, मग दूधसंघातले दोघं, शेवटी बुर्गल. असा उतार ओलांडायचा तर एकेकाने. पहिला पलीकडे सुखरूप पोचला की तो काठी वर उचलतो, म्हणजे पुढच्याने निघायचं. चौघं पलीकडे बघत होते.

पलीकडच्या खडकापाशी, धुक्यात, लाल जॅकेट घातलेला माणूस पाठमोरा उभा होता. डोकं उघडं. त्याने न वळताच काठी वर उचलली.

स्कीचा आवाज ऐकून बुर्गलने मान वळवली. तिला बाप दिसला, आपल्यामागे, जुन्या निळ्या स्वेटरमध्ये. तिने पलीकडे पाहिलं. पुन्हा बापाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, त्याने काही बोलावं म्हणून.

आणि रोमेडच्या मनात काय आलं? समोर गेबहार्ड पट्टे घट्ट करत होता, आणि याच्या मनात आलं की हे लोक सुखरूप पलीकडे गेले तर कोणाला काही कळायची गरज नाही. बुर्गलला काहीतरी सांगता येईल. उतार काय, सुटेलच असं थोडंच आहे? तो हा सगळा विचार करत उभा राहिला. तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ तो तिथे उभा राहिला, आणि त्याची मुलगी त्याला तसा उभा असलेला बघत होती.

"चला, बोलावतोय म्हातारा," गेबहार्ड म्हणाला, आणि निघाला.

तेव्हा रोमेड ओरडला. "गेबहार्ड! मागे फिर! तो मी नाही! मी एकही वाट पाडलेली नाही, ऐकतोस का, एकही नाही!"

दूधसंघातले दोघं दचकून वळले. वाऱ्याने शब्द फाडून नेले असावेत. गेबहार्ड उताराच्या मध्यावर होता. त्याला ओळखीचा आवाज तेवढा ऐकू आला, आणि तो आवाज कुठून यायला हवा हे त्याला ठाऊकच होतं. त्याने पुढे बघत हात वर केला आणि आनंदाने ओरडला, "आलो रे आलो!" आणि पावलं भराभर टाकली. धुकं मध्ये आलं.

उतार सुटला नाही. कसलाही आवाज झाला नाही. ते उभे राहून ऐकत होते, आणि काहीच ऐकू आलं नाही.

बुर्गलने छातीशी बांधलेलं यंत्र काढलं. माणूस बर्फाखाली गाडला गेला तर त्याच्या अंगावरच्या यंत्राची खूण दुसऱ्याच्या यंत्राला सापडते, किती लांब आहे ते आकड्यात दिसतं. खूण सापडली. आकडा वाढत होता. सावकाश, चालणाऱ्या माणसाच्या गतीने, वाढत वाढत गेला आणि मग पडद्यावर काही उरलं नाही.

धुकं क्षणभर विरळ झालं. पलीकडच्या खडकाशी पुन्हा काठी उचलली गेली होती. पुढच्यासाठी.

"चला खाली," बुर्गल म्हणाली. तिने बापाकडे पाहिलं नाही.

९

बचावाची माणसं आली, कुत्री आली, हेलिकॉप्टर येऊन गेलं. रोटकार जसाच्या तसा होता. चाकोरी उतार ओलांडून पलीकडच्या खडकाशी जात होती, तिथून वर कड्यापर्यंत, आणि कड्यावर संपत होती. गेबहार्ड सापडला नाही. टोपी नाही, हातमोजा नाही, काही नाही.

गावाला सगळं कळलं. रोमेडने स्वतःच खानावळीत उभं राहून सांगितलं: हिवाळाभराच्या वाटा, गिरणी, जर्मन पाहुणा. कोणी त्याला मारलं नाही. दूधसंघातला थोरला उठून बाहेर गेला तेवढंच. लोक एवढं मात्र म्हणत की शेवटी तरी तो बोलला, दिसताक्षणी ओरडला, पोरीला वाचवलं. ते तसं म्हणत तेव्हा रोमेड खाली बघत असे.

एप्रिलच्या सुरुवातीला शेवटचा बर्फ पडला. त्या दिवशी डोंगरावर कोणी जाणार नव्हतं, कोणी गेलंही नाही. रोमेडने कामाच्या खोलीची खिडकी उघडली. कुरणातून वर चाकोऱ्या गेल्या होत्या, दोन वाटा, शेजारीशेजारी, दोन माणसं बोलत बोलत गेल्यासारख्या. त्याने खिडकी लावली आणि पडदा ओढला.

त्याच दुपारी टिली आली. बुर्गल स्वयंपाकघरात होती. टिलीने कोट काढला नाही, खुर्चीच्या कडेवर बसली. ती दोन आठवड्यांत फार वाळली होती.

"मी भांडायला आले नाही, रोमेड," ती म्हणाली. "वाटांचं जाऊ दे. त्याला तुझं कौतुक होतं, ते खोट्याचं होतं की खऱ्याचं, याने आता काय फरक पडतो? मला एकच विचारायचंय. तेवढं कळलं की मला झोप लागेल. तू वर पोचलास तेव्हा तो अजून अलीकडे होता का? निघाला नव्हता?"

रोमेडने मान हलवली. "निघाला नव्हता."

"आणि मग तू लगेच ओरडलास ना? त्याला वेळ मिळाला नाही, एवढंच ना? तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

रोमेडने तोंड उघडलं. या वेळी तो सांगणार होता, यात शंका नाही. शब्द जमवायला त्याला जरासा वेळ लागला.

"लगेच ओरडला, काकू," बुर्गल म्हणाली. "पोचला तसा ओरडला. मी बघितलं ना. मी मागे वळूनच बघत होते."

टिलीने डोळे मिटले. मग ती उठली, रोमेडचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, "देव तुझं भलं करो," म्हणाली आणि गेली. दार लागल्याचा आवाज झाला. बुर्गल मोरीत भांडी घासू लागली, बापाकडे पाठ करून, आधीच स्वच्छ असलेली भांडी.

रोमेड टेबलाशी बसून राहिला. त्याला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण नंतर. आधी त्याला हायसं वाटलं.